हाडांचे बोलणे

मराठी भाषेला हाड ही कायमची वस्तू वाटते. जन्मजात, मुळापासूनच शिक्षक असलेला माणूस तो ‘हाडाचा शिक्षक’. एखादी गोष्ट माणसात मुरली, की ती ‘हाडीमाशी खिळते’. जन्मभर राबून माणूस झिजला, तर त्याने रक्ताचे पाणी आणि हाडाची काडे केली असे आपण म्हणतो. म्हणजे झीज सांगतानाही अगदी शेवटी झिजणारी वस्तू म्हणून हाडाकडे बोट दाखवतो. चिता विझल्यावर जे उरते त्याला आपण अस्थी म्हणतो. इंद्राला वज्र घडवायचे होते तेव्हा त्याने दधीची ऋषींकडे मागितली ती हाडेच. आम्ही दोघी बहिणी महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि वाक्प्रचारांचा हा तास वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. या साऱ्या शब्दसंपत्तीत हाड हे एका पदार्थाचे नाव आहे. गेल्या दोन वर्षांत मात्र आमच्या घरी जे वाचन घडले (त्याचे निमित्त वाङ्मयीन नव्हते), त्यात हाड हे सतत चाललेल्या एका संभाषणाचे नाव आहे असे दिसू लागले. त्या वाचनाविषयी येथे लिहायचे आहे.

निमित्त असे, की दोन पावसाळ्यांपूर्वी आमची आई थेरगावच्या घरी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. आईचे वय तेव्हा ७४. लग्न होऊन ती थेरगावला आली तेव्हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झालेली नव्हती (ती १९८२ साली झाली). वडील चिंचवडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करत आणि आई विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर व एक कमरेवर घेऊन येई. त्याच बाईचे हाड घरातल्या घरात, उभ्या उंचीवरून पडून मोडावे, ही गोष्ट आम्हा दोघींना समजून घ्यायची होती. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली, चांगली झाली. पण ज्या खासगी रुग्णालयात ती झाली, तेथून घरी सोडताना दिलेल्या कागदावर हाडांच्या विरळपणाविषयी कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांपलीकडे एक अक्षरही नव्हते. खुबा बसवला, काम संपले. जे हाड मोडले ते का मोडले आणि उरलेली कधी मोडतील, हा प्रश्न त्या कागदाच्या कक्षेत नव्हता. नंतर वाचनात आले, की हे जगभर असेच चालते. विरळ हाडांमुळे खुबा मोडलेल्या पुष्कळ वृद्धांना त्या विरळपणावरचे औषध कधी मिळतच नाही.

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाडांची घनता मोजून घेतली. अहवालात आकडा होता उणे ३.२. तरुण निरोगी व्यक्तीच्या हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मोजमापानुसार उणे २.५ किंवा त्याखाली गेले की त्याला अस्थिसुषिरता म्हणायचे. (सुषिर म्हणजे पोकळ, भोके असलेले. बासरीला सुषिर वाद्य म्हणतात ते यावरूनच. या रोगाला इतका सुरेल शब्द कोणाच्या लेखणीतून मिळाला ठाऊक नाही, पण त्याला दाद द्यायला हवी.)

आकडा कळताच भेटायला येणाऱ्यांचे एकमत झाले: कॅल्शियम कमी पडले. खारीक आली, डिंकाचे लाडू आले, नाचणीचे सत्त्व आले, तिळाची चटणी आली. यातले काहीच वाईट नाही, आणि तो जिव्हाळा तर अनमोल. पण त्यामागची कल्पना अशी, की हाड हे कोठार आहे. माल संपला, माल भरा. या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का देणारा प्रयोग १९६५ सालचा आहे. लॉस एंजेलिसमधील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतील सगळा खनिज भाग, म्हणजे कॅल्शियमचा सगळा साठा, काढून टाकला. उरला तो रबरासारखा लवचीक सांगाडा. तो त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत, जिथे हाड असण्याचे काहीच कारण नाही अशा जागी, ठेवला. काही आठवड्यांनी तिथे नवे हाड तयार झालेले आढळले. मज्जेसकट.

कोठार रिकामे करून टाकले, तरी हाड घडलेच. म्हणजे त्या उरलेल्या सांगाड्यात माल नव्हता, निरोप होता. आजूबाजूच्या पेशींना ‘हाड व्हा’ असे सांगणारे काहीतरी त्यात होते. ते प्रथिन असावे असा युरिस्ट यांचा तर्क होता. पुढे तो खरा ठरला. ही प्रथिने वेगळी करण्याचा मार्ग हरी रेड्डी आणि कुबेर संपत या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली मोकळा केला, आणि १९८८ साली त्यांची जनुके हाती आली. त्यांना आज बीएमपी म्हणतात, म्हणजे हाडाला आकार देणारी प्रथिने. गंमत अशी, की नाव हाडाचे असले तरी हीच प्रथिने गर्भात पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवताना वापरली जातात, मूत्रपिंड घडवतानाही वापरली जातात. शब्द एकच, पण ऐकणारी पेशी कोण आहे आणि ती कोणत्या क्षणी ऐकते आहे, यावर अर्थ ठरतो. शब्द आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक नसते, ते संकेताने ठरते, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगतो. या प्रथिनांना विज्ञानात संकेत देणारी प्रथिने म्हणतात हे वाचले तेव्हा आपल्याच अभ्यासक्रमाचे पान कोणीतरी उचलून नेले असे वाटले.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बांधकामावर देखरेख करतात. थेरगावात गेली वीस वर्षे एकही आळी बांधकामाशिवाय राहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्याकडे उपमांचा तुटवडा नसतो. ते आईला म्हणाले, ‘‘वहिनी, हाड म्हणजे आरसीसी. सळई आणि सिमेंट.’’ उपमा पुष्कळच बरोबर आहे. हाड घडवणारी पेशी (हिला आपण अस्थिजनक पेशी म्हणू) आधी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणते; ती झाली सळई. मग त्या धाग्यांच्या फटींत कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बारीक स्फटिक बसू लागतात, ते सिमेंट. नुसती सळई वाकते, नुसते सिमेंट तडकते. स्फटिक बसायला विणकामानंतर काही दिवस जावे लागतात. पहिला मोठा भाग काही आठवड्यांत भरतो आणि उरलेला पुढे महिनोन्‌महिने भरत राहतो, म्हणजे स्लॅबवर पाणी मारत बसावे तसेच. शिवाय रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट सदैव असूनही आपले स्नायू, त्वचा यांचा दगड का होत नाही, याचेही उत्तर आहे. पायरोफॉस्फेट नावाचे एक साधे संयुग स्फटिक जमू देत नाही. अस्थिजनक पेशी आपल्या अंगावर एक विकर बाळगते, ते हाडाच्या जागेपुरते हा पहारेकरी मोडून काढते. रक्ताच्या अहवालात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ म्हणून जो आकडा येतो, त्यात या विकराचाही वाटा असतो.

काकांची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. आरसीसीचा खांब स्वतःला पाडत नाही. हाड पाडते. आपल्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी मोडून नवा बांधला जातो, म्हणजे साधारण दहा वर्षांत जवळजवळ सारी इमारत नवी. (हाडाचे शिक्षक दर दहा वर्षांनी नव्या हाडाचे होतात, ही माहिती वेतन आयोगाला कळू नये.) मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना अस्थिभंजक म्हणतात. हे नाव ऐकून मूर्तिभंजक आठवतो आणि मनात खलनायक उभा राहतो, पण ते अन्यायाचे आहे. बारीक तडे गेलेले जुने हाड काढले नाही तर नवे बसणार कुठे? आणि गोष्टीतला खरा पेच असा, की भंजकांना बोलावणे धाडणाऱ्यांत खुद्द जनकच असतात. अस्थिजनक पेशी आणि हाडात चिणून राहिलेल्या तिच्याच वंशातील अस्थिपेशी ‘रँकल’ नावाचे प्रथिन पाठवतात. ते पोहोचले की भंजक तयार होतात. त्याच जनक पेशी दुसरे एक प्रथिन सोडतात, जे रँकलला वाटेतच पकडून ठेवते आणि निरोप पोहोचू देत नाही. बोलावणे आणि बोलावण्याला आवर, दोन्ही एकाच घरातून निघतात. म्हातारपणी, आणि बायकांत विशेषतः पाळी थांबल्यावर, हा तोल जातो. मोडणे जोरात आणि बांधणे मंद. आईच्या हाडांत कॅल्शियम कमी होते हे खरेच, पण ते कारण नव्हे, परिणाम होता. आधी बिघडले होते ते बोलणे.

एवढे वाचल्यावर आम्हाला वाटले होते, की हे सारे संशोधन सातासमुद्रापार चालते. आमची एक जुनी विद्यार्थिनी आता जीवशास्त्रात संशोधन करते. तिने आम्हाला भानावर आणले. डांगे चौकातून औंधकडे जाणारी बस पकडावी, सांगवी फाटा ओलांडावा, विद्यापीठात उतरावे. थेरगावपासून दहा-बारा किलोमीटरवर, गणेशखिंडीत विद्यापीठाच्याच आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. त्या रस्त्याने आम्ही उत्तरपत्रिका तपासायला किती वेळा गेलो असू! तेथे डॉ. मोहन वाणी यांच्या प्रयोगशाळेने नेमक्या याच संभाषणावर काम केले आहे. त्यांचा विषय इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन. ते प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी सोडतात आणि रक्तपेशींच्या वाढीशी त्याचा संबंध आहे, म्हणून ते ‘रक्ताचे’ प्रथिन गणले जाई. २००३ साली या गटाने दाखवले, की उंदराच्या पेशींवर हे प्रथिन घातले तर रँकलचा निरोप मिळूनही भंजक तयार होत नाहीत. त्या पेशी वाट बदलून दुसऱ्याच प्रकारच्या पेशी होतात, आणि ही वाट पुन्हा फिरत नाही. २०१० साली मानवी पेशींतही भंजक घडणे त्याने थांबते असे दिसले. आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात याची दुसरी बाजू आली. माणसाच्या मूळपेशींना तेच प्रथिन दिले, तर त्या अस्थिजनक होण्याकडे वळतात, आणि वळताना बीएमपी-२ अधिक बनवतात. म्हणजे रक्ताचे म्हणून ओळखले गेलेले एक प्रथिन मोडणाऱ्याला थोपवते आणि बांधणाऱ्याला पुढे काढते.

हे अजून औषध नाही. काचेच्या बशीतून आणि उंदरातून माणसाच्या खुब्यापर्यंत येणारी वाट लांब असते, आणि आईसाठी त्याचा आज उपयोग शून्य. तरीही ते वाचून आम्हाला एक प्रकारचा आधार वाटला, तो का हे सांगणे कठीण आहे. कदाचित आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यावरच आपल्या दुखण्याचा कोणी विचार करत आहे, एवढेही पुरत असावे.

त्या विद्यार्थिनीने एक छायाचित्र दाखवले. बशीतल्या पेशींनी खनिज धरले की नाही हे पाहायला त्यावर ॲलिझरीन नावाचा रंग टाकतात. कॅल्शियम जिथे बसले तिथे गडद तांबडे ठिपके उमटतात. आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातील भावंडाच्या मुळांत हा रंग असतो, आणि त्याचा हाडांशी संबंध फार जुना आहे. १७३६ साली जॉन बेल्शर या इंग्रज शल्यवैद्याने नोंदवले, की कापड रंगवणाऱ्याकडची डुकरे हा रंग लागलेला कोंडा खातात आणि त्यांची हाडे तांबडी होतात. मग पुढच्यांनी तो रंग मधूनमधून देऊन पाहिला, तर हाडात तांबडा-पांढरा असे थर मिळाले. हाड वाढते, बदलते, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. आईने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘‘कुंकू सांडल्यासारखं दिसतंय.’’

आता औषधाचा मुद्दा. नव्या डॉक्टरांनी आईसाठी रोज एक सुई सुचवली: टेरिपॅराटाइड. गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी जे संप्रेरक सोडतात, त्याच्या ८४ कड्यांच्या साखळीतील पहिल्या ३४ कड्या म्हणजे हे औषध. पहिला चरणच पुरे, उरलेल्या ओव्यांची गरज नाही! आम्ही त्या संप्रेरकाविषयी वाचायला घेतले आणि दोघीही घाबरलो. कारण ते संप्रेरक हाडे पोखरणारे आहे. रक्तात कॅल्शियम कमी झाले की ते सुटते आणि हाडातून कॅल्शियम काढून आणते. त्या ग्रंथींना गाठ होऊन ते सतत सुटत राहिले तर हाडे झिजून जातात. हाड वाचवण्यासाठी हाडे झिजवणारेच द्रव्य टोचायचे?

उत्तर वेळेत आहे. तेच संप्रेरक सतत असेल तर पेशी रँकल वाढवतात, भंजक येतात, हाड मोडते. तेच दिवसातून एकदा, थोडेसे आले, अर्ध्या तासात शिगेला पोहोचले आणि काही तासांत निघून गेले, तर जनक पेशी जास्त जगतात, जास्त विणतात, आणि हाड बांधले जाते. मात्रा २० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. हान्स सेल्ये यांनी १९३२ सालीच उंदरांत हे पाहिले होते, की या ग्रंथींचा अर्क थोडाथोडा दिला तर हाड वाढते. पण त्यावर आधारलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला २००२ साल उजाडले. सत्तर वर्षे तो अर्थ कोणी ऐकला नाही असे नव्हे. पण एकाच शब्दाचे परस्परविरुद्ध दोन अर्थ असतील यावर भरवसा ठेवणे सोपे नसते.

आपल्या साहित्यशास्त्रात याला नाव आहे. ‘काकु’. (उकार ऱ्हस्व, घरातल्या काकूचा येथे संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.) वाक्यातले शब्द तेच, पण म्हणण्याच्या ढंगाने अर्थ पालटतो. ‘तू फार शहाणा आहेस’ हे वाक्य कौतुकही असते आणि चपराकही. काकूक्तीचे लक्षण आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. पण ढंग बदलला की अर्थ उलटतो हा नियम पेशीलाही ठाऊक असेल, अशी शंका आली नव्हती. आणि या ढंगात आवाजाइतकाच वाटा शांततेचा आहे. उरलेले वीस-बावीस तास ते द्रव्य अंगात नसणे, हाही औषधाचाच भाग. ओवीत जशी विरामाची जागा लेखी दिसत नाही, पण म्हणणाऱ्याला ती पाळावी लागते, तसे.

समजले तरी निर्णय सोपा नव्हता. औषधाचा खर्च दरमहा काही हजारांचा. माहितीपत्रकात उंदरांना हाडाचा कर्करोग झाल्याचा उल्लेख होता. मामाने तो वाचला आणि रात्री साडेदहाला फोन केला. उंदरांतील प्रयोगात तसे आढळले होते हे खरे. त्यामुळे अमेरिकेत या औषधावर सर्वांत कडक सूचना छापली जाई. वर्षानुवर्षे माणसांत तो धोका वाढल्याचे दिसले नाही, म्हणून २०२० साली ती सूचना काढण्यात आली. आम्ही मामाला हे सांगितले. तो म्हणाला, ‘‘तुम्ही मराठीच्या आहात.’’ यावर उत्तर नव्हते. पण त्याची भीती पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. पेशींशी त्यांच्याच भाषेत बोलायला माणूस शिकतो आहे, आणि त्या बोलण्यात फसगतही झाली आहे. बीएमपी-२ हे प्रथिन २००२ पासून मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत वापरले जाऊ लागले. पुढे मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घसा सुजून श्वास कोंडल्याच्या घटना घडल्या, आणि २००८ साली त्याविषयी इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड उगवल्याचेही दिसले. एका दुर्मीळ रोगात तर हा निरोप कधी थांबतच नाही. बीएमपी ऐकणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराची चूक असते (ती २००६ साली सापडली), आणि साध्या मारानेसुद्धा स्नायूंचे हाड होऊ लागते. माणूस स्वतःच्याच आत दुसऱ्या सांगाड्यात कैद होतो. हाड हवे म्हणजे किती हवे, कुठे हवे आणि कधी पुरे, हे सारे त्या बोलण्यातच असते.

आईनेच शेवटी निकाल दिला. ‘‘माझ्या अंगात टोचायचं आहे ना? मग मला शिकवा.’’ पहिल्या आठवड्यानंतर तिने सुई आमच्या हातून काढून घेतली. औषधाचे पेन फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या डब्याशेजारी असते. रात्री बातम्या संपल्या की पोटावर टोचते.

यापेक्षा मोठी लढाई झाली ती चालण्यावरून. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आईला वॉकर धरून उभे केले होते आणि घरी रोज चालवायचे होते. आत्या सातारहून आली, तिने हे पाहिले आणि तिचा संताप अनावर झाला. ‘‘हाड मोडलेल्या बाईला चालवताय? तीन महिने निजवून ठेवा. हाडाला विसावा लागतो.’’ आत्याचे आईवर खरे प्रेम आहे आणि तिच्या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे: प्लास्टरच्या, पाटी बांधण्याच्या काळातला. पण हाडाचा स्वभाव नेमका याविरुद्ध आहे. हाडावर भार पडेल तसे ते घडत जाते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ सालीच ग्रंथरूपाने मांडले. भार हाडाला कळतो कसा, हे अलीकडे समजले. हाडात चिणलेल्या अस्थिपेशींना भाराचा ताण जाणवतो. त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडत असतात, आणि ते जनक पेशींना सांगते, ‘पुरे, थांबा.’ भार पडला की हा निरोप कमी होतो आणि बांधकाम सुरू होते. भार नाहीसा झाला की ‘थांबा’चा गजर वाढतो. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दर महिन्याला १ ते दीड टक्का कमी होते ते त्यामुळेच. तिथे पायांवर वजनच नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही थोड्याफार फरकाने तेच.

या प्रथिनाचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या काही कुटुंबांत हाडे विलक्षण जाड होण्याचा आनुवंशिक रोग होता. कवटी जाड होऊन नसा दाबल्या जात, चेहरा लुळा पडे, बहिरेपण येई. पण या माणसांची हाडे सहसा मोडत नसत. २००१ साली त्यांच्यातले बिघडलेले जनुक सापडले. त्यांच्या अंगात स्क्लेरोस्टिन तयारच होत नव्हते, ‘थांबा’ म्हणणारे कोणी नव्हते. त्यांच्या त्या यातनेतून पुढे स्क्लेरोस्टिनला अडवणारे औषध निघाले आणि २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही हृदयविकार व पक्षाघात यांच्या धोक्याची कडक सूचना छापूनच.

आत्याला आम्ही स्क्लेरोस्टिन सांगितले नाही. आईने सांगितले, तिच्या पद्धतीने. ‘‘वन्सं, विहीर वापरात नसली की बुजते. मी चालते थोडी.’’ आत्या गप्प झाली. पटून की नाही, ते कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आईच्या मागे हात पसरून तीच चालत होती.

थेरगावात म्हाताऱ्या माणसाने चालायचे कुठे, हा प्रश्न मात्र कोणतेच प्रथिन सोडवत नाही. पदपथ असतो तेव्हा त्यावर दुचाक्या असतात. पावसाळ्यात फरशी निसरडी. सहा महिने आई इमारतीच्या वाहनतळातच फेऱ्या मारत होती, गाड्यांच्या मधल्या गल्लीतून. मग काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत. गेल्या माघात ती रिक्षातून पवनेकाठी केजुबाईला गेली आणि देवळापाशी उतरून आपल्या पायांनी दर्शन घेऊन आली. तिला आम्ही हात दिला नाही, तिने मागितलाही नाही.

एक गोष्ट मात्र वाचून आम्ही आईला सांगितली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. त्यातल्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी मोजली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गरोदरपणात ज्या आयांच्या खाण्यात कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरलेली होती. हाडाची पुंजी तिशीच्या आसपासपर्यंत जमते आणि पुढे ती खर्च होत जाते. आई आमच्या वेळी गरोदर असताना घरात सात माणसे होती, दूध एक लिटर येई, आणि आई सगळ्यांच्या शेवटी जेवत असे. तिच्या स्वतःच्या आईचेही तेच. उणे ३.२ या आकड्यात विसाव्या शतकातल्या दोन स्वयंपाकघरांचा हिशेब असणार. तो तिला ऐकवून काय साधणार होते? तिला तो आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

टेरिपॅराटाइड सहसा चोवीस महिनेच देतात. ते संपल्यावर मोडणाऱ्या पेशींना आवरणारे दुसरे औषध दिले नाही तर कमावलेले हाड पुन्हा जाते, म्हणून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध ठरले आहे. ते पायरोफॉस्फेटच्याच, म्हणजे मघाच्या त्या पहारेकऱ्याच्याच, घराण्यातले. मागच्या भेटीत डॉक्टर हे समजावत होते तेव्हा आईने विचारले, ‘‘म्हणजे हे बांधायचं नाही, मोडणं थांबवायचं?’’

‘‘हो आजी, मोडणं थांबवायचं.’’

‘‘मग जुनं खराब झालेलं कोण काढणार?’’

डॉक्टर हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. तोच तर प्रश्न आहे, म्हणाले. म्हणूनच ते औषध काही वर्षे देऊन थांबवतात, मध्ये सुटी देतात, आणि पुन्हा घनता मोजून पाहतात. आईने मान डोलावली आणि पुढची तारीख कोणती ते विचारले. तारीख पौषातली निघाली. तिने ती संक्रांतीनंतर करून घेतली.